थोरली, धाकटी आणि देवीची रुपं

“आधी त्याला खुर्चीतून उठवा सायब! देवीच्या चोराला खुर्ची देता? उद्या चहा पाजाल!”

चहा मी आधीच सांगून ठेवला होता, पण ते बोललो नाही.

नोकरीत आरडाओरडा पुष्कळ ऐकला, पण गुरवबाबांची ती ओरड अजून कानातून गेलेली नाही. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा ठाण्याच्या कौलांवरचे कावळे उडाले, ते थेट मंडणगडला जाऊन बसले आणि तीन दिवस परतले नाहीत. चाळीस वर्षं देवीपुढे उभं राहून अख्ख्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घातलेला तो गळा. माझ्या टेबलावरचा पेपरवेट हललेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. घरचे म्हणतात, तुम्ही वाढवून सांगता. वाढवतो, पण कडेकडेने. मधलं सगळं खरं असतं.

तर, ऐंशीच्या दशकाचा मध्य. रत्नागिरीत घराघरांच्या कौलांवर टीव्हीचे अँटेना उगवायला लागले होते. मी घाटावरचा माणूस, फौजदार म्हणून रत्नागिरीत येऊन वर्षही झालं नव्हतं. मासळीची नावं पाठ झाली होती, माणसं अजून कळत नव्हती. आमच्या हद्दीत मिरजोळ्याच्या पलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथल्या ग्रामदेवीची रुपं, म्हणजे पालखीत बसवायचे चांदीचे तीन मुखवटे, गायब झाले होते. शिमग्याची पालखी निघायला सहा दिवस उरले होते. रुपांशिवाय पालखी म्हणजे नुसता लाकडाचा सांगाडा. तो कोणी खांद्यावर घेणार नाही. मुंबईहून गिरणीतले, गोदीतले सगळे चाकरमानी गाड्या भरून यायला निघालेले, आणि देवीच बेपत्ता.

खुर्चीत बसलेला ‘चोर’ म्हणजे एक हायस्कूलचे विज्ञानाचे शिक्षक. वय पंचेचाळीस, अंगाने काडी, सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. त्याच गावचे, बौद्धवाडीतले. मास्तर रविवारी आणि सुट्टीत एक काठी घेऊन हिंडत. काठीच्या टोकाला तारेची रिंग, कानाला टेलिफोनच्या रिसिव्हरमधून काढलेला तुकडा. भाट्याच्या वाळूत, कातळावर, जुन्या बैलगाडीच्या वाटेवर ते ही रिंग झाडूसारखी डावी-उजवी फिरवत चालायचे. जमिनीत धातू असला की कानात सूर बदलायचा. मग बसून उकरायचे. झिजलेले तांब्याचे पैसे, कोणाच्या पायातून निसटलेलं जोडवं, बैलाच्या गळ्यातली घुंगरं. छंद म्हणून, दुसरं काही नाही.

खबर आमच्या नेहमीच्या माणसाने आणली होती. त्याने म्हणे मास्तरांना आठ दिवसांपूर्वी देवळामागे काहीतरी चमकणारं उकरून पिशवीत टाकताना पाहिलं. रुपं गेल्याची फिर्याद त्यानंतर पाच दिवसांनी आली. गावाने दोन्ही गोष्टी जोडायला पाच मिनिटंही घेतली नाहीत. आणि खरं सांगायचं तर यंत्र हे निमित्त होतं. मास्तर कोणत्या वाडीतले, हे गावाला आधीच पुरेसं होतं.

गुरवबाबांना मी बाहेरच्या बाकावर बसवलं आणि चौकशी सुरू केली.

“देवळामागे काय सापडलं?”

मास्तरांनी शबनम पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यातून पितळेची एक घंटा काढून टेबलावर ठेवली. लिंबाएवढी. आतला लोलक नसलेली.

“बैलाची आहे. वीतभर खोल होती. ज्यांचा बैल असेल त्यांना द्यायची म्हणून विचारत होतो. कोणी आपली म्हणेना.”

“मास्तर, तुमच्या काठीला सोनं-चांदी कळते म्हणतात.”

“काठीला काही कळत नाही साहेब. ऐकणाऱ्याला कळतं.”

एवढं बोलून त्यांनी काठी माझ्या टेबलावर आडवी ठेवली आणि पुढचे दोन तास चौकशी त्यांनी माझी घेतली. मी आयुष्यात हजारभर आरोपी तपासले. त्यांतले निम्मे रडले, निम्मे खोटं बोलले. मला शिकवायला बसलेला हा एकच.

“आत दोन सर्किटं आहेत. दोन्ही गुणगुणतात. एक आपल्या जागी स्थिर, दुसरं या रिंगेशी जोडलेलं. खाली धातू आला की दुसऱ्याचा सूर हलतो आणि दोघांमधला फरक कानात ऐकू येतो. मी असं जुळवलंय की लोखंड आलं की सूर खाली बसतो आणि चांदी, तांबं, पितळ आलं की वर चढतो.”

“बाहेरच्या देशात तयार मिळतात ना अशी?”

“मिळतात. माझ्या मावसभावाने आखातातून आणून दिलं होतं एक. देखणं. पण ते वाळवंटाच्या मातीला जन्मलेलं. आपल्या जांभ्यात लोखंड भरलेलं असतं साहेब, त्याशिवाय का तो लाल? तिथे ते यंत्र पहिल्या पावलापासून बोंबलतं. कातळावर यंत्र निवडायचं तर ते किती खोल ऐकतं हे नंतर. आधी काय ऐकायचं नाही, हे त्याला सांगता आलं पाहिजे. म्हणून हा बटणाचा फेर. जागेवर उभं राहायचं, रिंग जमिनीजवळ न्यायची आणि जमिनीचा स्वतःचा सूर शून्यावर आणायचा. मग उरेल तो माणसाने टाकलेला धातू.”

माझा हवालदार, मूळचा सावर्ड्याकडचा, दाराशी उभा होता. पंचवीस वर्षं नोकरी झालेला, पोट आणि मिश्या दोन्ही सरकारी मापाच्या पुढे गेलेला माणूस. तो नकळत आत आला आणि स्टुलावर बसला.

“आणि सेल कुठला घालता वो मास्तर?”

मास्तरांचा चेहरा खुलला. कोणीतरी हा प्रश्न विचारावा म्हणून ते जणू वर्षानुवर्षं थांबले होते.

“सगळे तिथेच चुकतात. ट्रान्झिस्टरचा चौकोनी सेल घालतात. हलका असतो, पण तासाभरात उतरायला लागतो. सेल उतरला की सूर आपोआप खाली सरकतो, आणि माणसाला वाटतं खाली लोखंड आहे. दिवसभर उकरत बसतो. मी टॉर्चचे सहा मोठे सेल घालतो. हे बघा, बांबूच्या मागच्या पोकळीत, एकामागे एक. पुढे रिंगेचं वजन, मागे सेलांचं. मनगट दुखत नाही. जुना आणि नवा सेल एकत्र घालायचा नाही. खाऱ्या हवेने टोकांना गंज धरतो, तो रोज घासायचा. आणि नव्या सहा सेलांचा दुसरा संच मेणकापडात गुंडाळून कायम पिशवीत.” त्यांनी पिशवीच्या आतल्या कप्प्यावर थाप मारली. “बारा वर्षं झाली. सेल उतरले म्हणून परत फिरलो, असं एकदाही झालेलं नाही.”

मग त्यांनी दुसरी चीज काढली. वीतभर लांबीची, बोटाएवढी पातळ, प्लास्टिकच्या नळीत बसवलेली. आत मोडक्या रेडिओतली फेराइटची कांडी आणि स्वतःचे दोन पेन्सिल-सेल.

“ही मोठी आहे ना, तिला मी थोरली म्हणतो. ही धाकटी. थोरली सांगते, वस्तू कुठल्या वाडीत आहे. धाकटी सांगते, कुठल्या घरात. थोरलीने परातीएवढी जागा दाखवली की पहारीने भोक पाडायचं आणि धाकटीला आत उतरवायचं. वस्तूच्या बोटभर जवळ आली की ही किणकिणते. नाहीतर घमेलंभर माती उकरा आणि वस्तू शेवटी त्या घमेल्यातच सापडते.”

मी हट्टाला पेटलो. सगळ्यांना घेऊन ठाण्याच्या आवारात गेलो. मास्तरांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि हवालदाराने तीन ठिकाणी तीन वस्तू पुरल्या. मास्तर आले, बटण फिरवलं, चालले. पहिल्या जागी म्हणाले, “लोखंड. लांबट. किल्ली असावी.” दुसऱ्या जागी, “चांदी किंवा तांबं, छोटंसं, आडवं पडलंय.” माझी अंगठी. तिसऱ्या जागी थांबले, धाकटी उतरवली, हसले आणि म्हणाले, “हवालदारसाहेब, शिट्टी पितळेची असली तरी आतला मणी लाकडाचा असतो. भिजू देऊ नका.”

शिवाय न पुरलेल्या एकवीस वस्तू त्यांनी काढल्या. त्यात इंग्रजांच्या काळातली एक बेडी होती. माझ्या आधीच्या कोण्या साहेबाच्या कैद्याने पळताना टाकलेली असणार. आमच्याच आवारात. मुद्देमाल रजिस्टरात ती कशी लिहायची, यावर मी आणि हवालदाराने अर्धा दिवस घालवला.

पण कौतुकाने गुन्हा उलगडत नाही. मास्तरांना मी परत खुर्चीत बसवलं आणि सरळ विचारलं, “ही रुपं तुम्ही शोधून द्याल?”

त्यांनी धाकटी पुसून पिशवीत ठेवली.

“साहेब, सापडली तर म्हणतील यानेच पुरली होती. नाही सापडली तर म्हणतील विकली. आणि तुम्ही मला अटक दाखवलीत तर शाळा दुसऱ्या दिवशी निलंबनाचं पत्र देईल. मग पुढे कोर्टाने सोडलं तरी गावातली पोरं मला विज्ञानाचा मास्तर म्हणणार नाहीत, देवीचा चोर म्हणतील. माझ्या वाडीतून हायस्कुलात पोचलेला मी पहिला. माझ्यामागे चार पोरं डी.एड. करतायत. त्यांच्या नोकऱ्यांचं काय ते तुम्हीच सांगा.”

हे त्यांनी रडून नाही सांगितलं. फळ्यावर गणित मांडावं तसं सांगितलं. मी अटक दाखवली नाही. हजर राहण्याची समज देऊन घरी पाठवलं. त्यावर गुरवबाबा बाहेरून पुन्हा ओरडले. उरलेले कावळेही गेले.

वरिष्ठांकडून दबाव आला. मी वर लिहून एक मोठं यंत्र मागवलं. दुसऱ्या दिवशी जीपमधून ते आलं, सोबत चालवणारा एक जवान. यंत्र हिरवं, परदेशी, पेटी एवढी मोठी की तिला स्वतःचा पहारा असावा. जीपमधून उतरल्यावर सुरू केलं आणि ते जे केकाटलं ते थांबेचना. जवान देवळाच्या पायऱ्यांवर गेला, केकाटतंय. विहिरीवर गेला, केकाटतंय. मोकळ्या कातळावर गेला, तिथे तर भोंगाच. गावकऱ्यांना वाटलं, सगळ्या गावाखाली सोनं आहे. दोघांनी फावडी आणली. संध्याकाळपर्यंत जवानाच्या कानात दडे बसले आणि तो प्रत्येकाला “काय?” म्हणून विचारू लागला. जीप आली तशी परत गेली. मला मास्तरांचं वाक्य आठवलं. काय ऐकायचं नाही, हे त्या यंत्राला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

उलगडा झाला तो हवालदारामुळे. जीप गेल्यावर आम्ही देवळाच्या खालच्या बांधावर बसलो होतो. समोर गुरवबाबांचं पाच गुंठ्यांचं शेत. कोकणात भाताची रोपं जिथे करायची ती जागा उन्हाळ्याआधी भाजतात. झाडांची कवळं, म्हणजे तोडलेल्या पानांच्या फांद्या, त्यावर शेण, गवत, वर बारीक माती, आणि मग पेटवतात. याला भाजवळ म्हणतात. मला घाटावरच्या माणसाला ते नुसतं काळं शेत दिसत होतं. हवालदार मात्र टक लावून बघत होता.

“सायब, ह्ये काय बरोबर नाय.”

“काय?”

“भाजलेल्या जागेला पावसापातूर कोणी टिकाव लावीत नाय. राख वाऱ्याने उडून जाईल ना. तिच्या अंगाला हात लावायचा नसतो. आणि हिकडं बगा. खड्डे. मोजलेत मी, छत्तीस. वरून राख सारवून बुजवलेत. ज्याला शेती येत नाय असा माणूस गावात एकच, तुम्ही. आणि तुम्ही तर खणलं नाय.”

पोलीस खात्यात आल्या आल्या एक गोष्ट मी शिकलो होतो, पण त्या क्षणापर्यंत वापरली नव्हती. ज्याची वस्तू चोरीला जाते तो माणसांच्या तोंडाकडे बघतो. ज्याच्या हातून वस्तू हरवते तो जमिनीकडे बघतो. पंचनाम्याच्या दिवशी गुरवबाबा गाव डोक्यावर घेत होते, पण त्यांची नजर सगळा वेळ खाली, या शेताकडे होती. आणि त्यांच्या नखांत काळी राख होती. भाजवळ होऊन तीन आठवडे झाले होते.

गुरवबाबांना मी ठाण्यात बोलावलं नाही. त्यांच्याच शेताच्या बांधावर, भर दुपारी, दोघंच बसलो. त्यांना पाणी दिलं आणि म्हटलं, “बाबा, छत्तीस खड्डे तुम्हीच खणलेत. सदतिसावा मी खणू?”

बाबांनी भांडं खाली ठेवलं. मग डोळ्यांतून पाणी आलं आणि हळूहळू सगळं बाहेर पडलं. आजूबाजूच्या गावांत देवळं फुटल्याच्या बातम्या येत होत्या. रुपं यंदा त्यांच्या ताब्यात. त्यांनी पितळी डब्यात घालून शेतात हातभर खोल पुरली, आणि त्या जागेवर खूण म्हणून कवळांची रास रचली. बांधापासून तिसरी रास. मग डोळ्यांच्या ऑपरेशनला मुलाकडे मुंबईला गेले. घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. ते तिकडे पडून असताना इकडे त्यांच्या भावजयीने, भाऊजींना आल्यावर त्रास नको म्हणून, सगळ्या राशी सारख्या पसरल्या आणि शेत भाजून टाकलं. बाबा परत आले तेव्हा समोर एकसारखं काळं शेत. तिसरी रास नाही, पहिली नाही, कुठलीच नाही. आणि भावजय दारात उभी राहून कौतुकाची वाट बघतेय.

“तिला काय बोलणार सायब? तिने चांगलंच केलं.”

“मग गावाला खरं सांगायचं.”

“काय सांगू? देवी माझ्याकडनं हरवली म्हणून? सात पिढ्या आमच्याकडे पूजा आहे.”

“आणि मास्तर? दोन वर्षांपूर्वी तुमच्या मंडळींची नथ पाणवठ्यावर पडली होती, ती यानेच काढून दिली होती ना? हवालदार सांगत होता.”

“हो.”

“मग त्यालाच हळूच का नाही बोलावलंत? अर्ध्या तासाचं काम.”

गुरवबाबांनी पायाखालची राख बोटाने सारखी केली. मग म्हणाले, “नथीला मंडळी गेली होती त्याच्याकडे. मी नव्हतो गेलो. त्याच्या दारात जाऊन मागायला माझी जीभ रेटली नाय.”

म्हणजे बघा. चोर म्हणून बोट दाखवायला जीभ रेटली, मदत मागायला रेटली नाही. पिस्तूल, सुरे, विष, सगळं मी नोकरीत पाहिलं. पण या एका वाक्याइतका मोठा गुन्हा मला पुढे कधी सापडला नाही, आणि त्याला दंडसंहितेत कलमही नाही.

खोटी फिर्याद दिल्याबद्दल मला त्यांच्यावर कारवाई करता आली असती. मी म्हटलं, “बाबा, कागद नंतर बघू. आधी तुम्ही मास्तरांच्या दारात जायचं. तुमच्या पायांनी. आणि तुमच्या तोंडाने मागायचं.”

ते गेले. मी आणि हवालदार वीस पावलं मागे. बौद्धवाडीतली बायामाणसं दारांत येऊन उभी राहिली. एवढी शांतता, की कैरी गळाली तरी तिचा पंचनामा करावा लागला असता. मास्तर अंगणात यंत्राची टोकं घासत बसले होते. गुरवबाबा उंबऱ्याबाहेर थांबले. तोंड दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. तेवढ्यात मास्तरांची मंडळी तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यापुढे धरलं. गुरवबाबांनी भांड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी आकाशाकडे पाहत होतो. ते पाणी प्यायले. सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत. मग म्हणाले, “मास्तर, माझ्याकडनं हरवलीय. शोधून द्या.”

मास्तर उठले. “भाजवळीत?” बाबांच्या नखांतली राख बघून त्यांनी विचारलं. “मग सोपं नाही. चला.”

माझ्या पद्धतीने सगळं कागदावर आलं. शब्द आधी, फावडं नंतर. गावातल्या मुख्य मानकऱ्यांना पंच म्हणून उभं केलं आणि त्यांच्यासमोर गुरवबाबांचं निवेदन लिहून घेतलं: मीच पुरली, या शेतात पुरली. खाली सही. आता सापडली तरी मास्तरांनी पुरली असं म्हणायला कोणाला जागा नव्हती. पंचांचे चेहरे भाजवळीइतके काळे झाले, पण सह्या झाल्या.

मग मी जे पाहिलं ते मी नातवंडांना दरवर्षी सांगतो. मास्तरांनी यंत्र सुरू केलं, आणि त्या कानाच्या तुकड्यातून बाहेरसुद्धा ऐकू येईल एवढा जाड सूर आला. लोक हसले. मास्तर माझ्याकडे वळले. “जांभ्याची माती भाजली की तिच्यातलं लोखंड जागं होतं साहेब. चुंबकासारखं वागायला लागतं. हे शेत यंत्राला आता एक अख्खा तवा वाटतोय.” त्यांनी छोटी रिंग काढून परातीएवढी मोठी लावली, कारण खोल आणि मोठ्या वस्तूला मोठी रिंग लागते. बांबूतले सहा सेल काढले, नवे घातले. “आज सुराचा भरवसा हवा.” बटण हळूहळू फिरवलं, सूर बसवला, आणि रिंग जमिनीपासून वीतभर वर उचलून धरली. वरची भाजकी माती लांब पडावी म्हणून. मग चालायला लागले. पट्ट्या-पट्ट्यांनी. दोरी लावून. कान एका बाजूला झुकलेला, डोळे मिटलेले. दीड तास. पंच उन्हात वितळत होते. एकाची टोपी तर मी वितळून खांद्यावर आलेली पाहिली. मास्तरांच्या कपाळावर थेंब नाही.

बांधापासून तिसऱ्या राशीची जागा त्यांनी कधीच मागे टाकली होती. शेताच्या पार दुसऱ्या कडेला, जिथे एकही खड्डा नव्हता, तिथे थांबले. मागे गेले. पुन्हा आले.

“चढतोय,” म्हणाले. एवढंच.

गुरवबाबा पुटपुटले, “पण बांधापासनं तिसरी…”

“कुठल्या बांधापासनं भाऊजी?” मागून त्यांची भावजय म्हणाली. “तुम्ही घराकडनं आलात की देवळाकडनं?”

देवीचं ओझं घेऊन माणूस देवळाकडूनच येणार ना! शोधताना मात्र ते छत्तीसही वेळा घराकडच्या बांधापासून मोजत होते.

पहारीने भोक पाडलं. मास्तर गुडघ्यांवर बसले आणि धाकटीला आत उतरवलं. एक बोट डावीकडे भोक, पुन्हा उतरवलं. तिसऱ्या भोकात ती किणकिणली. “इथून बोटभर उजवीकडे. फावडं नको, हाताने काढा. आणि मी नाही. बाबा, तुम्ही काढा.”

गुरवबाबांनी दोन्ही हातांनी माती उपसली. पितळी डबा वर आला. झाकण काढलं तेव्हा आतले तीन चेहरे उन्हात असे लखलखले, की मिरजोळ्याच्या कारखान्यातल्या लोकांना वाटलं, वेल्डिंग चाललंय. हे थोडं कडेकडेचं आहे. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मधलं.

ते प्रकरण मी ‘चोरी झालेली नाही, गैरसमज’ असं लिहून मिटवलं. त्यात मला समज मिळाली, ती कागदावर कशी लिहायची ते आजही माहीत नाही. आम्ही पोलीस सगळा जन्म यंत्रासारखे हिंडतो. कुठे सूर हलला की झडप घालतो. पण ज्या जमिनीवर उभे असतो तिचा स्वतःचा सूर आधी शून्यावर आणावा, हे आम्हाला कोणी शिकवत नाही. त्या गावाच्या मातीत मास्तरांविषयीचा संशय आधीच भरलेला होता. माझी खबर, माझी फिर्याद, सगळं तोच आवाज काढत होतं आणि मी त्याला पुरावा समजत होतो. पुढे कोणत्याही गावात गेलो की पहिले दोन दिवस मी कोणाचंच ऐकत नसे. नुसता बटण फिरवत बसे.

त्या दुपारी शेतावरून सगळे निघाले तेव्हाचं राहिलंच. मास्तर यंत्राची रिंग सोडवत होते, म्हणून त्यांची शबनम पिशवी मी हातात धरली होती. मुख्य मानकरी पुढे आले. माफीचा शब्द येईल म्हणून मी आणि हवालदार दोघंही कान देऊन उभे. मानकऱ्यांनी खाकरून घसा साफ केला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मास्तर, यंत्र आलंच आहे तर जरा देवळाच्या मागच्या चौथऱ्यावर फिरवा की. जुनी माणसं सांगायची, तिथे मोहरांचा हंडा आहे. आणि परवा पालखीपुढे यंत्र घेऊन चाला. लोकांना गंमत.”

मास्तरांनी रिंग कापडात गुंडाळली. धाकटी खिशात ठेवली. माझ्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला. बांबूतून उतरवलेला जुना संच त्यांनी आधीच त्या पिशवीत टाकला होता. पण बांबूत बसलेले नवे सहा सेल दीड तासच चालले होते, आणि ते अजून दहा तास गायले असते, हे आता मलाही कळत होतं.

“सेल उतरलेत,” मास्तर म्हणाले.